वारा की पाणी?



कापूस वेचून घरात आणला आहे. भाव पडलेला, म्हणून विकला नाही. घरात माणसांना निजायला जागा नाही, आढ्यापर्यंत कापूस. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वादळ उठते, पत्रे उडून शेजारच्या वावरात जाऊन पडतात आणि मागोमाग पाऊस कोसळतो. सकाळी घरात काळा पडलेला, कुबट वासाचा ओला गोळा उरतो. आता सांगा, हे नुकसान कोणी केले? वाऱ्याने की पाण्याने?

तुम्ही म्हणाल, पत्रे वाऱ्याने नेले, कापूस पाण्याने नासला, आणि दोन्ही एकाच वादळाने केले. हा काय प्रश्न झाला? शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याला पैसे द्यायचे असतात त्याला तो पडतो. अमेरिकेत या एका प्रश्नावर हजारो घरमालकांचे विम्याचे दावे फेटाळले गेले आणि अकरा वर्षे कज्जे चालले. ती हकीकत आज सांगायची आहे. अमेरिकेचे कौतुक करायचे आहे म्हणून नाही. विम्याच्या धंद्यातले एक मर्म तिथे जसे उघडे पडले तसे दुसरीकडे क्वचितच पडले असेल, आणि ते मर्म आपल्या पीकविम्याच्या पावतीवरही लागू आहे, म्हणून.

एक वादळ, दोन पॉलिसी

29 ऑगस्ट 2005. कॅट्रिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, ते जगाने टीव्हीवर पाहिले. शेजारच्या मिसिसिपी राज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मिसिसिपी म्हणजे आपल्यासारखेच कापूस पिकवणारे राज्य. त्याच्या किनाऱ्यावर बिलॉक्सी, गल्फपोर्ट, पास्कागुला, वेव्हलँड अशी गावे आहेत. तिथे समुद्र काही ठिकाणी पंचवीस फुटांच्या वर चढला. पाणी ओसरल्यावर लोक परत आले, तेव्हा कित्येकांच्या घराचे फक्त जोते शिल्लक होते. भिंती नाहीत, छप्पर नाही, भांडेकुंडे नाही.

या लोकांनी वर्षानुवर्षे घराच्या विम्याचे हप्ते भरलेले होते. तिथे घर कर्जावर घेतले की विमा काढावाच लागतो. पण त्या विम्यात एक मेख होती. वाऱ्याने झालेले नुकसान कंपनी देणार, पुराच्या पाण्याने झालेले देणार नाही. पुरासाठी 1968 सालापासून केंद्र सरकारची वेगळी विमा योजना आहे. तिच्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. ज्यांचे घर पूररेषेच्या बाहेर, त्यातल्या पुष्कळांनी हा दुसरा विमा घेतलेलाच नव्हता.

आता जोत्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. घरमालक म्हणतो, आधी कित्येक तास वारा घोंघावत होता. छप्पर त्याने नेले, भिंती त्याने पाडल्या, समुद्र नंतर आला आणि पडलेले घर धुऊन नेले. कंपनी म्हणते, छे! वाऱ्याने चार कौले हलली असतील, घर समुद्राने नेले. साक्षीदार कोणी नाही, कारण गाव रिकामे केलेले. पुरावा कोणता नाही, कारण पुरावा म्हणजे घर, आणि तेच वाहून गेले.

घेणाऱ्याचाच काटा

मग निकाल कोणी द्यायचा? इथेच सगळी गोम आहे. सरकारी पूरविमा लोकांना विकण्याचे आणि त्याच्या नुकसानीची पाहणी करण्याचे काम सरकारने खाजगी विमा कंपन्यांकडेच सोपवलेले होते. म्हणजे एकाच कंपनीचा माणूस त्या जोत्यावर येणार आणि ठरवणार, वारा की पाणी. वारा लिहिले तर पैसे कंपनीच्या गल्ल्यातून जाणार. पाणी लिहिले तर सरकारच्या खजिन्यातून. आणि घरमालकाकडे पूरविमा नसेल तर कोणाच्याच खिशातून नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

कापूस उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गाडी खरेदी केंद्रावर उभी असते. ओलावा किती, ते घेणाऱ्याचा माणूस घेणाऱ्याच्या यंत्रावर मोजतो. आकडा बाराच्या पुढे गेला की गाडी परत. आपण म्हणावे की कापूस चांगला वाळवून आणला आहे, तर तो यंत्राकडे बोट दाखवतो. माप ज्याच्या हातात, माल त्याचा.

बिलॉक्सीतल्या एका घराची गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कंपनी होती स्टेट फार्म. तिने पाहणीला इंजिनिअर पाठवला. त्याने अहवाल दिला की घराचे नुकसान मुख्यतः वाऱ्याने झाले. त्या अहवालावर कंपनीच्या कचेरीत एक चिठ्ठी चिकटवली गेली: हा वाऱ्याच्या फायलीत ठेवा, इंजिनिअरचे बिल देऊ नका, याची चर्चा करू नका. काही दिवसांतच दुसरा अहवाल तयार झाला. त्यात लिहिले होते, नुकसान पाण्याने झाले. घरमालकाला सरकारी पूरविम्यातून पूर्ण अडीच लाख डॉलर देवविण्यात आले.

हे बाहेर आले ते कोणा मंत्र्यामुळे नाही, कोणा वर्तमानपत्रामुळे नाही. कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींना हे सहन झाले नाही. त्यांनी 2006 साली न्यायालयात धाव घेतली. सात वर्षांनी, 2013 साली, पंचांनी निकाल दिला की कंपनीने खोटा दावा दाखल करून सरकारचा पैसा लुबाडला. सरकारचे नुकसान तिप्पट करून सुमारे साडेसात लाख डॉलरची रक्कम कंपनीवर बसली. 2016 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने कायम केला. एका घराचा एक अहवाल खोटा ठरवायला अकरा वर्षे लागली.

बारीक अक्षरातला फास

ज्यांच्या बाबतीत दोन अहवाल नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी पॉलिसीत एक कलम बारीक अक्षरात घालून ठेवलेले होते. त्याचा मतलब असा: विम्यात न बसणाऱ्या कारणाचा नुकसानीत हात असेल, तर त्याच्या जोडीला दुसरे कोणतेही कारण असो, आधी असो की नंतर असो, कंपनी काही देणे लागत नाही.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर असे: वाऱ्याने नव्वद हिस्से घर पाडले, मागून पाण्याने दहा हिस्से नेले, तर शंभर हिस्से पाण्याच्या नावावर. पाण्याने पायरी ओली केली की छप्पर गेल्याचेही पैसे बुडाले.

पास्कागुलाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने नेशनवाइड कंपनीविरुद्ध फिर्याद केली. पूरविमा घ्यायची तुम्हाला गरज नाही, असे आपल्याला कंपनीच्या एजंटानेच सांगितले होते, हे त्याचे म्हणणे. त्याची मागणी एक लाख तीस हजार डॉलरच्या वर होती. 2006 साली न्यायालयाने वाऱ्याच्या नुकसानीपोटी देवविले 1,228 डॉलर. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने ते बारीक अक्षरातले कलमही ग्राह्य धरले.

आणि हे फक्त साध्यासुध्या माणसाचे झाले असे समजू नका. मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट, जे एकेकाळी अमेरिकेच्या सिनेटमधले बहुमत पक्षाचे नेते होते, त्यांचे पास्कागुलाचे घर नाहीसे झाले. कंपनीने त्यांचाही दावा फेटाळला. 2005 च्या डिसेंबरात त्यांना स्वतःच्या विमा कंपनीविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली. 2007 साली तडजोड झाली. जन्मभर मोठ्या कंपन्यांच्या बाजूने बोलणारा माणूस, पण स्वतःचे जोते उघडे पडल्यावर त्यालाही कळले. तिथे सिनेटरचा हा हिशेब, तर इथे दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरवाल्याला कोण विचारतो?

सिद्ध कोणी करायचे?

या सगळ्या कज्ज्यांमध्ये खरा प्रश्न वाऱ्याचा नव्हता आणि पाण्याचाही नव्हता. घर वाहून गेले आहे, कारण कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, अशा वेळी अंधारात राहिलेल्या गोष्टीचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न होता. कंपनी म्हणे, वाऱ्याने किती नेले ते तुम्ही दाखवा, मग पैसे देऊ. घरमालक म्हणे, घर गेले हे दिसते आहे. घराचा विमा होता हे तुम्हाला मान्य आहे. अपवाद तुम्ही सांगता आहात, तर तो तुम्ही सिद्ध करा.

जानेवारी 2007 मध्ये बिलॉक्सीच्या एका जोडप्याच्या खटल्यात जिल्हा न्यायाधीश एल. टी. सेंटर यांनी घरमालकाच्या बाजूने कौल दिला. पाण्याने किती नेले हे कंपनीला दाखवता आले नाही, तर घराचे पूर्ण पैसे द्या. पंचांनी वर पंचवीस लाख डॉलरचा दंड ठोकला. पुढे वरच्या न्यायालयाने दंड रद्द केला आणि खटला पुन्हा चालवायला सांगितले. पण प्रश्न मिटला नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये मिसिसिपी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, वाऱ्याने घराचे नुकसान एकदा झाले की त्या क्षणी कंपनीची देणेदारी उभी राहते, मागून आलेले पाणी ती धुऊन नेऊ शकत नाही. दुसरी, घराच्या बाबतीत अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची.

शेतातल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाला जे पहिल्या दिवशी कळत होते ते कायद्याच्या पुस्तकात यायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत कितीजणांनी मिळेल त्या रकमेवर सही करून विषय संपवला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? कंपनीला उशीर परवडतो. घर गेलेल्याला परवडत नाही. न्याय उशिरा दिला की निम्मा पैसा कंपनीच्या गल्ल्यात आपोआप राहतो.

तारणहार कोणी नाही

या लढ्यात घरमालकांचा कैवार घेऊन पुढे आलेला नामांकित वकील होता रिचर्ड स्क्रग्ज. त्याने शेकडो घरमालकांच्या वतीने कंपनीशी कोट्यवधी डॉलरची तडजोड घडवून आणली. पण त्या फीच्या वाटणीवरून वकिलावकिलांत भांडण लागले, आणि त्या भांडणात न्यायाधीशाला लाच देण्याच्या कटाची त्याने 2008 साली न्यायालयात कबुली दिली. पाच वर्षांची सजा झाली. नेत्याच्या भरवशावर आंदोलन सोडून घरी जाणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधावी.

उलट, साध्या मतदाराने काय केले तेही पाहा. राज्याचे विमा आयुक्त जॉर्ज डेल 1976 पासून त्या खुर्चीवर होते. तिथे हे पद मतांनी निवडले जाते. कंपन्यांबाबत ते मवाळ राहिले, अशी लोकांची तक्रार होती. 2007 साली त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना उमेदवारीच नाकारली.

आता कंपन्यांची बाजू. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या म्हणाल्या, पुराचा हप्ता आम्ही घेतलाच नाही, तर पुराची भरपाई आमच्याकडून का मागता? हे बरोबर आहे. ज्याचे पैसे भरले नाहीत ते मागू नये. पण वाऱ्याचा हप्ता तर घेतला होता ना? त्याचे द्या, एवढेच लोकांचे म्हणणे होते. कंपन्या असेही म्हणाल्या की असे निकाल लागले तर आम्ही धंदा गुंडाळू. स्टेट फार्मने 2007 च्या फेब्रुवारीत मिसिसिपीत घरांचे नवे विमे घेणे थांबवलेही. ठीक आहे. दुकान बंद करण्याचा हक्क प्रत्येक दुकानदाराला आहे. पण दुकान उघडे ठेवायचे, पैसे आगाऊ घ्यायचे आणि माल देण्याच्या दिवशी अपवादाचे पान दाखवायचे, याला धंदा म्हणत नाहीत.

आणखी एक गंमत. मोठमोठ्या वादळांत त्या सरकारी पूरविमा योजनेवर कर्जाचा डोंगर झाला. 2017 साली अमेरिकेच्या संसदेने त्यातले 16 अब्ज डॉलर एका फटक्यात माफ केले. शेतकऱ्याच्या कर्जमाफीने पतशिस्त बिघडते असे व्याख्यान देणारे अर्थपंडित तेव्हा कुठे गेले होते, कोण जाणे.

आपल्या बांधावर

आता आपल्या वावरात या. आपल्याकडे घरांच्या विम्याच्या नव्या प्रमाणित पॉलिसीत, 2021 च्या एप्रिलपासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' मध्ये, वादळ आणि पूर दोन्ही धरलेले आहेत. त्यामुळे वारा की पाणी, हा वाद जसाच्या तसा इथे येणार नाही. पण त्याचा सख्खा भाऊ येतो. भिंत आधीच तडकलेली होती, छप्पर जुने होते, कळवायला उशीर झाला, अशी कारणे तयार असतात. आणि आढ्यापर्यंत भरलेला तो कापूस घरसामान की व्यापारी माल, हा प्रश्न तर नुकसान झाल्यावरच निघतो. पॉलिसी घेतानाच तो विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पीकविम्याची कथाही याहून वेगळी नाही. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 साली आली. गारपिटीने किंवा पाणी साचून एकट्यादुकट्या शेताचे नुकसान झाले तर 72 तासांत कळवा, अशी अट. तार तुटलेली, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, नाल्याला पूर, आणि घड्याळ मात्र चालू. 2025 च्या खरिपात महाराष्ट्रात 1 रुपयाची योजना गेली, आणि एकट्या शेताच्या नुकसानीची सोयही गेली. भरपाई आली महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर आणि उंबरठा उत्पन्नावर. म्हणजे तुमची पऱ्हाटी आडवी झाली की उभी आहे, हे तुमच्या शेतात कोणी पाहणारच नाही. तिथे निदान जोत्यावर उभे राहून भांडता येत होते. इथे ते जोतेच काढून घेतले.

आणि हेही खरे बोलले पाहिजे: 1 रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज भरले गेले. नाही त्या जमिनीवर, नाही त्या पिकावर विमे काढले गेले. ते आपल्यातल्याच काहींनी केले, काही दलालांनी केले. चोरी कंपनीची वाईट आणि आपली चांगली, असे म्हणता येणार नाही. त्या बोगस अर्जांमुळेच खऱ्या नुकसानवाल्याची सोय बंद करायला सरकारला निमित्त मिळाले.

आपला कायदा मात्र अगदीच लुळा नाही. अपवादाचे कलम लागू होते हे विमा कंपनीने सिद्ध करायचे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, असेही त्याच न्यायालयाने 2009 साली म्हटले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. घरविम्यासाठी विमा लोकपालाकडेही जाता येते, आणि तिथे फी नाही.

पण कायदा कागद मागतो. म्हणून वादळ ओसरले की रडण्याआधी चार गोष्टी करा. पडलेल्या घराला, ओल्या मालाला हात लावण्याआधी फोटो काढा, तारीख दिसेल असे. आधी वारा आला की पाऊस, किती वाजता, छप्पर कधी गेले, हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक झाली म्हणून दुसरी झाली असे समजू नका. अर्ज दिला की पोच घ्या. आणि कोऱ्या कागदावर सही? मुळीच नाही.

जिल्हा मेळाव्यात मांडायच्या मागण्याही साध्या आहेत. एक, पाहणी झाली की त्याच जागी, त्याच वेळी अहवालाची प्रत शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे. म्हणजे एका घराचे दोन अहवाल होणार नाहीत. दोन, दावा नाकारायचा तर कोणते कलम आणि कोणता पुरावा, ते मराठीत लेखी कळवा. तीन, अपवाद सांगणाऱ्याने अपवाद सिद्ध करावा. चार, ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्या माणसाने एकट्याने नुकसान मोजू नये. शेतकऱ्याचा माणूस सोबत असावा.

यात कुठे दया मागितली आहे? कुठे सूट मागितली आहे? हप्ता हा दामाचा व्यवहार आहे. आम्ही दाम मोजला, माल द्या. वारा आमच्या ताब्यात नाही, पाऊस आमच्या ताब्यात नाही, ते आम्ही पिढ्यान् पिढ्या सोसत आलो. पण वादळानंतर कागदावर काय लिहिले जाते, ते माणसाच्या हातचे आहे. तो कागद आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जाईल, एवढे जरी या वर्षी पदरात पाडून घेतले, तरी पुढच्या वादळात निम्मे भांडण जिंकल्यासारखे आहे.

मेळाव्याला येताना गेल्या तीन वर्षांत नाकारलेल्या दाव्यांचे कागद, असतील तेवढे, पिशवीत घालून आणा. कागद नसेल तर तेही सांगा, कारण कागद न देणे हीच आपली पहिली तक्रार आहे.